मूर्तिजापूरचे कढण

यंदाच्या माघात एका सकाळी देवापुढे चंदन उगाळीत बसलो होतो. खिडकीचे एक दार उघडे होते, आणि सहाणेवरच्या चंदनाच्या वासात दुसरा एक वास हलकेच येऊन मिसळला. संत्र्याच्या फुलांचा. अमरावतीच्या शिवेवरच्या बागा माघात फुलतात हे येथील लहान मुलालाही ठाऊक असते. त्यात नवल करण्यासारखे काही नाही. तरी माझा हात थांबला. देवाला वाहायच्या वस्तूचा वास आधी आपण घेऊ नये, हा नियम मी जन्मभर पाळला आहे. हा वास देवासाठी आलेला नव्हता. तो माझ्यासाठीच आला होता, आणि मी तो ओळखला म्हणून मूर्तीकडे पाहण्याचे धैर्य मला होईना.

त्याच दिवशी दुपारी महादेवरावांचा मुलगा अकोल्याहून आला. अंगणातच उभा राहिला, नमस्कार केला आणि म्हणाला, "बुवा, बाबाचं वर्षश्राद्ध हाय पुढच्या आठवड्यात. आईनं सांगतलं, तुमी या म्हनून."

"येईन," मी म्हणालो.

"जेवायला या" असे तो म्हणाला नाही. तसे म्हणायचे नाही, हे त्या घराला फार वर्षांपासून पाठ होते. माझ्यामुळेच पाठ झाले होते. तो गेल्यावर मी बराच वेळ ओसरीवर बसलो आणि दोन गोष्टी मनाशी ठरवल्या. या वेळी त्या घरी जेवायचे. आणि जेवण्यापूर्वी, जी गोष्ट महादेवरावांना ते असताना मी सांगितली नाही, ती वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सांगायची. ठरवणे सोपे होते. त्या आठवड्यात मात्र मला नीट झोप लागली नाही.

महादेवराव आणि मी बांधकाम खात्यात एकाच पायरीवरचे. दोघेही नागपूरला शिकलो, दोघेही ओव्हरसियर म्हणून लागलो आणि वऱ्हाडच्या सडकांवर, मोऱ्यांवर आणि पुलांवर बरोबरीने म्हातारे झालो. फरक एवढाच की, मी वडिलांच्या पाठशाळेतून त्या विद्येकडे आलो होतो आणि ते मोर्णा नदीकाठच्या भाजीच्या वाफ्यांतून. त्यांचे घर अकोल्याच्या जुन्या शहरात. वांगी, मेथी, शेवंती, झेंडू हा त्यांचा पिढ्यांचा व्यवसाय. पाणी कोठून वळते, कोठे मुरते आणि कोठे तुंबते हे त्यांना वाफ्यांकडे पाण्याचे दांड धरता धरता कळले असावे. गणित त्यांनी पुढे शिकून घेतले. माझे उलट झाले. मला गणित आधी आले, आणि जमीन महादेवरावांनी शिकवली.

जो हंगाम मला आठवतो, तो मूर्तिजापूरच्या अलीकडे एका नाल्यावर पूल बांधताना गेलेला माघ. आमचे तंबू महादेवरावांच्या चुलत्याच्या संत्र्याच्या बागेला लागून होते. आम्ही गेलो तेव्हा बाग केविलवाणी दिसत होती. पाने मुरडलेली, आळी कोरडी, मुळांवरची माती उकरून ठेवलेली. मला वाटले, विहीर आटली.

"आटली नाही जी, पानी बंद केलं हाय," महादेवराव हसून म्हणाले. "झाडाले तहान लागू द्या लागते. तहानलं का मंग पानी द्याचं. मंग पाहा कसं फुलते."

संक्रांत झाली, पाटाला पाणी सुटले, आणि थोड्याच दिवसांत ती बाग अशी फुलली की, सकाळी स्नानाला विहिरीवर जाताना मला अभिषेकाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखे वाटे. पांढऱ्या, जाड पाकळ्यांची ती लहान फुले. मधमाश्यांचा अखंड घोष. ओल्या काळ्या मातीचा वास खाली आणि फुलांचा वर, दोन थर असल्यासारखे. मोजणीचे खलाशी साखळी ओढीत बागेच्या कडेने जात, तेव्हा त्यांच्या पागोट्यांवर पाकळ्या पडत आणि ते तसेच दिवसभर हिंडत.

पायाच्या खोदाईच्या वेळी माझे मोजमाप पक्के होते. नकाशात जेवढी खोली तेवढाच मी चर खणवला. महादेवराव आले, चराकडे पाहिले आणि शेजारच्या शेतात गेले. कपाशीच्या पऱ्हाटीची एक लांब काडी मोडून आणली. माघातच जमिनीला भेगा पडू लागल्या होत्या. त्यातल्या एका भेगेत त्यांनी ती काडी सोडली. काडी जवळजवळ सगळी आत गेली.

"हे आत्ताचं झालं," ते म्हणाले. "वैशाखात दुप्पट खोल जाईन. जिथलोक जमीन हालते, तिथलोक भित ठिवू नये, शास्त्रीबुवा. नकाशा काढनारानं वऱ्हाडचा वैशाख पायला नसन."

मी रागावलो नाही, कारण त्यांच्या बोलण्यात राग यावा असे काही कधीच नसे. चर खोल केला. पुढे वरिष्ठ साहेब पाहणीला आले, तेव्हा खोली का वाढवली म्हणून त्यांनी विचारले. महादेवराव माझ्याकडे हात करून म्हणाले, "यांच्या लक्षात आले, साहेब." मी त्यांच्याकडे पाहिले. ते नाल्याकडे पाहत होते.

ज्ञान असे वाटून टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मुकादम असो, चुन्याच्या घाणीवरचा मनुष्य असो, नवीन आलेला हिशेबनीस असो, ज्याने विचारले त्याला ते सांगत. आणि विचारायला संकोचणाऱ्याला आपणच विचारून सांगत. संध्याकाळी तंबूपुढे आसपासच्या गावांतले शेतकरी येऊन बसत. पूर्णेच्या खोऱ्यातली कित्येक गावे खाऱ्या पाण्याची. कोणी लोट्यात आपल्या विहिरीचे पाणी घेऊन येई. महादेवराव ते चाखून पाहत, थुंकत, पुन्हा चाखत.

"हे बैलाले चालन, पोराले नाही," ते म्हणत. "नवीन विहीर बांधाच्या वर नको खंदू, गड्या. त्या वळनाजवळ खंद, तिथं रेती हाय."

एकदा मी म्हणालो, "महादेवराव, आमच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत भूमीतले पाणी शोधण्याचे एक प्रकरण आहे. कोणत्या झाडाच्या कोणत्या दिशेला, किती खाली."

ते इतके हर्षले की मला लाज वाटली. "मंग इतके दिवस काहून नाही सांगतलं? म्हना ना! अर्थ सांगा."

मी श्लोक म्हटले, अर्थ सांगितला. ते कान देऊन ऐकत राहिले, मध्येच "हे बरोबर," मध्येच "हे आपल्या मातीत नाही चालनार," असे पुटपुटत. त्या संध्याकाळी आम्ही दोघे खरोखरच एका पाठशाळेतले सहाध्यायी होतो. दिवे लागले, आणि मग आम्ही जेवायला उठलो. ते एकीकडे, मी दुसरीकडे.

हे स्पष्ट लिहिले पाहिजे. माळ्याच्या घरच्या पाण्याला आमच्याकडे हरकत नव्हती. फळाला नव्हती, दुधाला नव्हती. शिजवलेल्या अन्नाला होती. माझा आचारी निराळा, चूल निराळी, तंबूही वाऱ्याच्या वरच्या बाजूला. हे सारे मांडून देणारे महादेवरावच. कोठेही मुक्काम पडला की, आधी माझ्या चुलीची जागा ते पाहत. त्यांच्या घरून वहिनी भाकरी, पिठले, ठेचा पाठवीत. माझ्यासाठी त्याबरोबर नेहमी निराळी पाटी येई, तीत केळी, संत्री, कच्च्या शेंगा. शेतात हुरडा भाजला की ते हाक मारीत.

"या शास्त्रीबुवा! हुरडा चालते ना? आगीत भाजलं चालते, पान्यात शिजवलं चालत नाही. तुमचा देव मोठा हुशार हाय बाप्पा, मंधातल्या मंधात बरोबर रेघ वढते."

मी हसे. चिडण्यासारखे ते बोलत नसत, आणि त्या रेघेच्या पलीकडे पाऊल टाक असेही कधी म्हणत नसत. विद्येला विटाळ नाही, असे मी स्वतःची समजूत घालीत असे. त्यांनी दिलेले ज्ञान माझ्या मस्तकात जाऊन राहिले, माझे पूल त्यावर उभे राहिले, माझी बढती त्यावर झाली. ते मी निःशंक घेतले. त्यांच्या घरची भाकरी मात्र घशाखाली गेली तर मी बाटेन, असे मला वाटत होते. आज हे वाक्य लिहिताना त्यातला विसंवाद मला जितका दिसतो, तितका तेव्हा दिसत नव्हता असे म्हटले, तर ते असत्य होईल. दिसत होता. आचार हा विचारापेक्षा जुना असतो, या एका उत्तरावर मी तो झाकून ठेवी.

त्याच माघात मला हिवतापाने गाठले. आचारी मुलीच्या लग्नासाठी गावी गेला होता आणि बदली माणूस आला नव्हता. पहिले दोन दिवस दूध आणि संत्र्याचा रस यांवर काढले. मग दूध पचेना. वैद्यांनी मुगाचे कढण आणि मऊ भात सांगितला. वहिनी त्या वेळी बागेतच चुलत्यांच्या घरी राहायला आल्या होत्या. तंबूच्या कनातीपलीकडून त्यांचा आवाज मला ऐकू आला.

"मी करून दिलं असतं, पन त्याहिले चालत नाही ना."

"नाही चालत," महादेवराव म्हणाले. "तू नको मनाले लावून घेऊ. मी पायतो."

त्यांनी पाहिले ते असे. मूर्तिजापुरात एका ब्राह्मण भिक्षुकाचे घर त्यांनी शोधले. दिवसाचे काम आटोपले की, सायकलच्या दांडीला पितळी डबा बांधून ते तिकडे जात आणि कढण, भात घेऊन दिवेलागणीला परत येत. कच्चा रस्ता, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, माघाची बोचरी थंडी. तंबूच्या दाराशी सायकलची घंटा वाजे. डबा ते कापडात गुंडाळून आणीत, तरी तो कोमट झालेला असे. स्वतः हातपाय धुऊन तो दाराशी ठेवीत आणि दोन पावले मागे सरकत.

"पाहा, थंडा झाला का? उद्या लवकर निंगतो."

मी खाटेवर पडून होतो, पण माझी बुद्धी शाबूत होती. आपत्काळी, आजारपणात, प्राणाला अपाय होण्याचा संभव असेल तर कोणाच्याही हातचे अन्न घ्यावे, त्यात दोष नाही, असे शास्त्र आहे. ते मला पाठ होते. लहानपणीच घोकले होते. कनातीपलीकडे मूग होते, चूल होती, एक माउली होती आणि माझ्या तोंडून निघायला एकच वाक्य हवे होते. ते वाक्य मी उच्चारले नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, ताप उतरेपर्यंत नाही.

का नाही, याचे उत्तर मी पुष्कळ वर्षे चुकीचे देत आलो. लोक काय म्हणतील ही भीती होती, हे खरे. एकदा सवलत घेतली की, पुढे रेघ पुसट होते, हेही मी स्वतःला सांगितले. परंतु खरे कारण याहून हीन आहे. तिन्हीसांजेला घंटा वाजे, आणि एक कर्ता, विद्वान पुरुष माझ्या सोवळ्यासाठी थंडीत सायकल हाकीत आला आहे, हे मनात येऊन मला बरे वाटे. सांगायला संकोच होतो, पण तो अभिमान होता. मी भोगला तो. ज्याने आपल्याजवळचे सारे ज्ञान मला दिले, त्याच्यापासून मी माझ्याजवळचा एक श्लोकार्थ लपवून ठेवला, कारण तो लपवण्यात मला सुख होते. कढणात मीठ बेताचे असे. त्याची चव माझ्या जिभेवर अजून आहे, आणि बागेचा तो वास कनातीतून येत असे, त्यामुळे दोन्ही एकत्रच आठवतात. माघ आला की मला म्हणूनच चैन पडत नाही.

पुढे आम्ही निवृत्त झालो. मी अमरावतीला स्थिरावलो, ते अकोल्याला. भेटी होत. ते आले की माझ्या ओसरीवर बसत, माझ्या घरचे जेवत, सुनेच्या वरणाचे कौतुक करीत. मी त्यांच्याकडे गेलो की मला संत्री मिळत. सांगू, सांगू असे म्हणता म्हणता गेल्या माघात ते गेले. छातीत कळ आली आणि दोन दिवसांत सारे आटोपले. मी पोचलो तेव्हा दहन उरकून मोर्णेच्या काठावरून लोक परतत होते.

वर्षश्राद्धाच्या दिवशी बडनेऱ्याहून गाडीत बसलो. मूर्तिजापूरचे स्थानक आले तेव्हा मी डोळे मिटून नामस्मरण करीत होतो. ते नामस्मरण होते की खिडकीबाहेर पाहणे टाळण्याचा उपाय होता, हे परमेश्वर जाणतो.

जुन्या शहरातल्या त्यांच्या घरी पोचलो, तेव्हा पंगत उठत आली होती. वहिनी पुढे आल्या. वर्षभरात फार वाळल्या होत्या. मला मागच्या परसात नेले. तेथे शेणाने सारवलेल्या जागेवर नवी चूल मांडलेली, शेजारी वाळकी लाकडे, विहिरीवर कोरा दोर, आणि सुपात शिधा. कणीक, तांदूळ, तुरीची डाळ, गूळ, वाटीत तूप.

"त्याहिनं कधीचं सांगून ठिवलं होतं," त्या म्हणाल्या. "मी नसलो आन् बुवा आले, तं त्याहिले दुसऱ्याच्या दारी जा लागू नये. सारं सोवळ्यात केलं हाय जी, सून नाहून आली."

मी त्या चुलीकडे पाहत उभा राहिलो. मग म्हणालो, "वहिनी, मला एक सांगायचे आहे," आणि सांगितले. आजाऱ्याला मुभा असते हे सांगितले. ती मला तेव्हाच ठाऊक होती हेही सांगितले. महादेवरावांना रोज जाऊ दिले आणि गप्प राहिलो, हेही लपवले नाही.

वहिनी विहिरीच्या कठड्यावर टेकल्या. पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "त्याहिले ठावं होतं, बुवा."

मला अर्थ लागला नाही.

"मूर्तिजापूरच्या त्या भटजीनं पयल्याच दिवशी म्हनलं होतं. इतक्या दुरून काहून येता, बिमार मानसाले सारं चालते. घरी येऊन मले सांगतलं. म्या म्हनलं, मंग मी टाकू का मूग? तं म्हने, नाही. शास्त्रीबुवाले मालूम नसन असं होईन का? त्याहिले आपल्या तोंडानं म्हनू दे. आपुन कसं म्हनाव?"

"म्हणजे ते वाट पाहत होते," मी म्हणालो.

"वाट कायची जी," वहिनी घाईने म्हणाल्या. "त्याहिले सायकल चालवाले लय आवडे."

मला लागू नये म्हणून ती साध्वी खोटे बोलली. चुन्याला पाणी किती घालावे यापासून दुसऱ्याच्या मनाला जपावे कसे इथपर्यंत त्या घरात काहीच कोणी एकट्याने ठेवून घेतलेले नव्हते.

"वहिनी," मी म्हणालो, "आज मला तुमच्या हातचे वाढा."

त्यांनी सुपाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "आज तुमाले ताप नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही. आज मला काही झालेले नाही. म्हणूनच मागतो."

"सैपाक थंडा झाला."

"चालेल."

"तुमाले चालन, मले नाही चालत," त्या उठल्या आणि आत हाक दिली, "वो सूनबाई, चूल पेटव. भाकर टाकतो मी."

मी मधल्या घरात पाटावर बसलो. आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता. मुलगा दाराशी उभा होता. काय होत आहे ते त्याला कळत होते, आणि बोलावे की नाही हे कळत नव्हते. पान आले. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, कढी. मी आपोशनासाठी तळहातावर पाणी घेतले. श्राद्धातला घास ब्राह्मणाच्या मुखातून गेलेल्या जीवाला पोचतो, असे आम्ही मानतो, आणि पौरोहित्य करणाऱ्या माझ्या वडिलांनी ते लोकांना आयुष्यभर सांगितले. मी त्याचा विचार कधी केला नव्हता. ते खरे असेल तर मी महादेवरावांना त्यांच्या घरचा घास आज प्रथमच भरवीत होतो. ते खरे असू दे, इतकेच मी म्हणालो. ठरलेला मंत्र म्हणायचा राहून गेला.

पहिला घास तोंडात घातला. भाकरी गोड होती. ती सदैव अशीच असणार, आणि महादेवराव मूर्तिजापूरच्या वाटेवर जात असतानाही कनातीपलीकडे ती अशीच असणार, हे त्या घासाबरोबर मला गिळावे लागले.

"मीठ बरोबर हाय का जी?" वहिनींनी विचारले.

मी मान हलवली. त्यांनी तव्यावरची दुसरी भाकरी आणून पानात ठेवली, आणि मी नको म्हटले नाही.